एक अष्टमांश मोठा की बारा टक्के?

मुलांनो, शाळेत अपूर्णांकाचा धडा वेगळा आणि शेकडेवारीचा वेगळा. बाजारात मात्र हे दोघे भाऊ हातात हात घालून फिरतात! खोटं वाटतं? मग कागद-पेन्सिल घ्या आणि चला कोल्हापूरला.

कोल्हापूर म्हणजे उसाचा मुलूख. तेव्हा पहिलं कोडं उसाचंच. समजा, एका साखर कारखान्यात उसाच्या वजनाच्या १/८ इतकी साखर निघाली. दुसऱ्या कारखान्यात निघाली १२ टक्के. सांगा बरं, जास्त कुणाची?

‘आठापेक्षा बारा मोठे’ असं म्हणालात तर फसलात! एकाची उंची फुटांत आणि दुसऱ्याची सेंटिमीटरमध्ये सांगितली, तर उंच कोण ते कळेल का? आधी माप एकच हवं. टक्का म्हणजे शंभरातला एक भाग. मग शंभराचे आठ सारखे भाग करा. १०० ÷ ८ = १२.५. म्हणजे १/८ म्हणजेच साडेबारा टक्के. पहिला कारखाना अर्ध्या टक्क्याने पुढे!

“हॅत्! अर्धा टक्का म्हणजे काय मोठंसं?” असं कुणी म्हणेल. ते शेतकऱ्याला विचारा. उसातून शेकडा किती साखर निघाली, त्याला ‘उतारा’ म्हणतात, आणि उसाचा किमान दर या उताऱ्यावर ठरतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये दर ठरवला. त्यापुढे उतारा ०.१ टक्का वाढला, की दर वेळी ३ रुपये ४६ पैसे जादा. अर्ध्या टक्क्यात ०.१ पाच वेळा येतो. म्हणून क्विंटलमागे १७ रुपये ३० पैसे जास्त. आणि १०० टन, म्हणजे १००० क्विंटल ऊस असेल तर? १७,३०० रुपयांचा फरक! आता सांगा, अर्धा टक्का लहान की मोठा?

उसाच्या फडातून आता शहरात, गुजरीत येऊ. ही कोल्हापूरची सराफ पेठ. शुद्ध सोनं २४ कॅरेटचं मानतात. २२ कॅरेटच्या दागिन्यात २४ भागांपैकी २२ भाग सोनं असतं. हे झालं अपूर्णांकात. टक्क्यांत करायचं तर २२ ला १०० ने गुणा आणि २४ ने भागा. उत्तर येईल ९१.६६... हॉलमार्क केलेल्या दागिन्यावर ‘९१६’ असा बारीक शिक्का असतो, तो यासाठीच. हजार भागांत ९१६ भाग सोनं! १८ कॅरेट म्हणजे १८/२४, म्हणजे पाऊण. त्यावर शिक्का ७५०.

पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत. तुम्ही निदान एवढं तरी लक्षात ठेवा : पाव म्हणजे २५ टक्के, अर्धा म्हणजे ५०, पाऊण म्हणजे ७५. एवढ्यावर बाजारातला निम्मा हिशेब तोंडी होतो.

आता एक गंमत. समजा, दुकानात ५०० रुपयांची कोल्हापुरी चप्पल आहे. दुकानदाराने किंमत १० टक्के वाढवली आणि दिवाळीला पाटी लावली : ‘१० टक्के सूट!’ किंमत पुन्हा ५०० झाली ना? छे! ५०० चे १० टक्के ५०, म्हणून किंमत झाली ५५०. सूट मिळाली ती ५५० वर, म्हणजे ५५ रुपये. चप्पल पडली ४९५ ला! टक्के तेवढेच, पण ते कशाचे, हे मधेच बदललं. म्हणून कुणी टक्के सांगितले की लगेच विचारायचं, “कशाचे?”

पालकहो, शेवटचं गणित तुमच्यासाठी. मुलाला पहिल्या चाचणीत २५ पैकी २१ गुण मिळाले, दुसरीत ४० पैकी ३३. पहिलीत चार गेले, दुसरीत सात. मग अभ्यास किती घसरला? रागावण्याआधी मुलाला शेजारी बसवा आणि दोघं मिळून हिशेब करा.

(उत्तर : पहिल्या चाचणीत ८४ टक्के, दुसरीत साडेब्याऐंशी. घसरला तो फक्त दीड टक्का!)