सागराची ऊब आणि आपला पाऊस



रोहिणीच्या सरी होऊन गेल्या आणि मृग लागला, म्हणजे आपले डोळे नैर्ऋत्येकडे लागतात. मग आपले घर बेळगावच्या काळ्या मातीत असो, माळव्यात इंदूरला असो, की गोव्याच्या किनाऱ्यावर. नक्षत्राचे वाहन बेडूक आहे की गाढव, हे पंचांगात पाहण्याची चाल अद्यापि गेलेली नाही. परंतु आपल्या पावसाचे मान पुष्कळ अंशी हजारो मैल दूर असलेल्या पाण्याच्या उबेवर अवलंबून असते, ही गोष्ट मात्र फारच थोड्यांच्या ध्यानात येते.

वैशाखात भर दुपारी अंगणातील फरशी पाय पोळते, पण विहिरीचे पाणी गारच असते. जमीन आणि समुद्र यांचेही तसेच आहे. जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश. तापलेल्या भूमीवरील हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरील बाष्पाने भरलेले वारे धावतात. यालाच आपण मोसमी वारे म्हणतो.

आता प्रशांत महासागराकडे वळू. एरवी तेथे विषुववृत्तालगत वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि उबदार पाणी इंडोनेशियाच्या बाजूस लोटतात. तेथे हवा वर चढते, मेघ जमतात, पाऊस पडतो. परंतु काही वर्षांनी हे वारे मंदावतात, उबदार पाणी पूर्वेकडे पसरते आणि हवा वर चढण्याचे ठिकाणही त्याच्यामागे सरकते. एके ठिकाणी वर चढलेली हवा दुसरीकडे खाली उतरलीच पाहिजे. अशा वर्षी ती पुष्कळदा आपल्या बाजूस उतरते, आणि उतरत्या हवेत मेघांची वाढ खुंटते.

पेरू देशाच्या किनाऱ्यावरील कोळ्यांना हे उबदार पाणी नाताळच्या सुमारास दिसे. म्हणून त्यांनी त्यास ‘एल निनो’, म्हणजे बाळ येशू, असे नाव दिले. नाव मंगल, पण परिणाम आपल्याकडे बहुधा अमंगल. याच्या उलट, पूर्वेकडील पाणी नेहमीपेक्षा थंड झाले म्हणजे त्या स्थितीस ‘ला निना’ म्हणतात. ती आपल्या पावसास बहुधा अनुकूल ठरते.

हा दूरचा संबंध उलगडण्याचा आरंभ आपल्याच देशात झाला. 1899 च्या भीषण दुष्काळानंतर, 1904 साली, गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले. पावसाचा अंदाज आधी कसा बांधावा, या विवंचनेतून त्यांनी जगभरच्या नोंदी ताडून पाहिल्या. प्रशांत महासागराच्या एका बाजूस हवेचा दाब चढला, की दुसऱ्या बाजूस तो उतरतो, असे त्यांना आढळले. या हेलकाव्याची सांगड समुद्राच्या तापमानाशी घातली ती याकोब बियर्कनेस या शास्त्रज्ञाने, 1969 साली.

परंतु हा नियम गणिताच्या सूत्राइतका पक्का नाही. 1997 सालचा एल निनो विसाव्या शतकातील अत्यंत प्रबळ अशांपैकी एक. तरीही देशात पाऊस सरासरीइतका झाला. उलट 2002 सालचा एल निनो मध्यम होता. पण पाऊस सरासरीहून 19 टक्के कमी पडला आणि जुलैमध्ये तर निम्म्याच्या आसपासच झाला. असे का व्हावे? याचे एक कारण असे, की 1997 साली पाण्याची ऊब मुख्यतः पूर्वेकडे होती, तर 2002 साली ती महासागराच्या मध्यभागी होती. तेथील ऊब आपणास अधिक बाधते.

दुसरे कारण आपल्या हिंदी महासागरात आहे. कधी आफ्रिकेकडील पाणी नेहमीपेक्षा उबदार होते आणि सुमात्राकडील थंड. 1999 साली शास्त्रज्ञांनी या स्थितीस ‘हिंदी महासागराचे द्विध्रुव’ असे नाव दिले. ती मोसमी पावसास साह्य करते, आणि 1997 साली तीच आपल्या मदतीस आली. 2019 सालीही ती प्रबळ होती. त्या वर्षी जून महिना कोरडा गेला. पण पुढे देशाची सरासरी 110 टक्क्यांवर पोहोचली आणि ऑगस्टमध्ये सांगली, कोल्हापूर व बेळगाव भागांत महापुराने हाहाकार उडाला. म्हणजे हंगामाची बेरीज चांगली दिसली, तरी प्रत्येक गावाचा पाऊस चांगला झाला असे होत नाही.

मग या ज्ञानाचा उपयोग काय? समुद्र सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो. त्यामुळे त्याच्या उबेची चाहूल काही महिने आधी लागते. ती भविष्यवाणी नव्हे, इशारा होय. एल निनोची वार्ता आली म्हणून पेरणीच करू नये, असा तिचा अर्थ नाही. पहिल्या सरीला भुलून सारे बियाणे मातीत टाकू नये, दुबार पेरणीपुरते राखून ठेवावे, कमी पाण्यावर येणारे पीक निवडावे आणि तळ्यातले पाणी जपून वापरावे, एवढाच तिचा सांगावा आहे.

1877 साली असाच एक प्रचंड एल निनो आला होता. त्या दुष्काळात दख्खन आणि मद्रास इलाख्यात लक्षावधी माणसे दगावली. परंतु त्या काळातही देशातून धान्याची निर्यात चालूच होती, हे विसरता कामा नये. पाऊस समुद्राने रोखला होता. घास मात्र माणसांनी रोखला. समुद्राची ऊब आपल्या हाती नाही. तिचा इशारा वेळेवर ऐकणे आणि शेजाऱ्याच्या घरची चूल विझू न देणे, हे मात्र आपल्या हाती आहे.