वादळ जाते, अंधार राहतो

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. तिथून चिखली सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटरवर, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत. तरीही त्या दिवशी पिंपरी-चिंचवडमध्ये ठिकठिकाणी झाडे पडली, वीज गेली. मावळ, खेड, जुन्नर भागात घरांवरचे पत्रे उडाले, पॉलिहाउस जमीनदोस्त झाली. रायगडमधील अनेक गावांत तर दिवे लागायला कित्येक दिवस गेले. चक्रीवादळ म्हणजे कोकणाचे दुखणे, ही घाटावरची समजूत तेव्हाच मोडली.

चक्रीवादळाला बळ मिळते ते समुद्राच्या उबदार पाण्यातून. पृष्ठभागाचे तापमान साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर असले की बाष्पाचा पुरवठा सुरू राहतो. जमिनीवर आल्यावर हा पुरवठा तुटतो आणि वाऱ्याचा जोर ओसरू लागतो. पण ओसरता वाराही शहराला पुरेसा असतो. पावसाने माती भिजून सैल होते, मुळांची पकड सुटते आणि झाड विजेच्या तारांवर कोसळते. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. ‘निसर्ग’नंतर वर्षभरातच ‘तौक्ते’ आले, २०२३मध्ये ‘बिपरजॉय’.

वाऱ्यापेक्षा अंधार घातक

वादळातले मृत्यू म्हटले की पडलेली भिंत, उन्मळलेले झाड डोळ्यांसमोर येते. अमेरिकेच्या अखत्यारीतील पोर्टो रिको बेटावर सप्टेंबर २०१७मध्ये ‘मारिया’ वादळ आले, तेव्हा सरकारी आकडा ६४ मृत्यूंचा होता. पुढे विद्यापीठीय अभ्यासानंतर तो २,९७५ असा सुधारण्यात आला. वादळानंतरच्या सहा महिन्यांत नेहमीपेक्षा तेवढे लोक जास्त दगावले होते. बेटावरची वीज पूर्ववत व्हायला सुमारे अकरा महिने लागले. त्या काळात कुणाचा ऑक्सिजन थांबला, कुणाचे डायलिसिस चुकले, कुणाला डॉक्टरांपर्यंत पोहोचता आले नाही. वारा दिवसभरात निघून गेला होता.

आपल्याकडे वीज इतके महिने जाणार नाही. पण चिखली-मोशी पट्ट्यातील उंच सोसायट्यांमध्ये एक-दोन दिवसही जड जातात. लिफ्ट बंद, म्हणजे दहाव्या मजल्यावरचा हृदयरुग्ण घरातच अडकला. पंप बंद, म्हणजे वरची टाकी संपली की नळ कोरडा. शिवाय शहराचे पाणीही विजेवरच चालते. पवनेचे पाणी रावेतहून आणि आंद्रा धरणाचे पाणी इंद्रायणीवरील निघोजे बंधाऱ्यातून उचलले जाते. हे दुसरे पाणी चिखलीच्या केंद्रात शुद्ध होते. उपसा थांबला की सोसायटीत जनरेटर असूनही टाकीत पाणी येत नाही. चाकण, तळवडे येथे कामाला जाणारे आणि एका खोलीत चार-पाच जण राहणारे कामगार यांच्याकडे तर टाकीही नसते आणि जनरेटरही.

हाती असतात ते ४८ तास

जमेची बाजू ही, की चक्रीवादळ भूकंपासारखे न सांगता येत नाही. हवामान विभाग साधारण ४८ तास आधी सतर्कतेचा आणि २४ तास आधी धोक्याचा इशारा देतो. तयारी करायची ती याच वेळात.

पहिले काम औषधांचे. रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट्स यांची निदान आठवडाभराची औषधे घरात असावीत. डायलिसिसची तारीख वादळाच्या दिवशी येत असेल, तर ती अलीकडे घेता येईल का, हे केंद्राला आधीच विचारावे. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वापरणाऱ्यांनी भरलेला सिलिंडर आणून ठेवावा. घरातल्या इन्व्हर्टरवर ते यंत्र किती वेळ चालेल, हे वीज असतानाच तपासावे.

इन्सुलिनबद्दल उगाच घबराट होते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. पण वापरात असलेली बाटली किंवा पेन ३० अंशांखालच्या तापमानात बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे चालते. नेमकी मुदत वेष्टनावर असते. फ्रिज बंद पडला, तर इन्सुलिन पिशवीत घट्ट बांधून ओल्या मातीच्या मडक्यात ठेवावे. मडक्यातून झिरपणारे पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते आणि आतला भाग थंड राहतो. बर्फाला चिकटून मात्र ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

पिण्याचे पाणी झाकून भरून ठेवावे. मोबाइल, पॉवर बँक आणि टॉर्च चार्ज करावेत. मोबाइल टॉवरही बॅटरीवर काही तासच तग धरतात, म्हणून महत्त्वाचे क्रमांक कागदावर लिहावेत आणि थोडी रोकड जवळ ठेवावी. नेटवर्क गेले की क्यूआर कोडवर दूधही मिळत नाही. गॅलरीतल्या कुंड्या आणि गच्चीवरचे सुटे पत्रे आत घ्यावेत.

वीज गेल्यावर

फ्रिजचे दार उघडले नाही, तर आतला थंडावा साधारण चार तास टिकतो; भरलेला फ्रीझर ४८ तासांपर्यंत. त्यानंतर दूध, पनीर, मांस आणि शिजवलेले अन्न यांवर भरवसा ठेवू नये. उरलेल्या भाताबाबत विशेष जपावे. त्यात वाढणाऱ्या ‘बॅसिलस सिरियस’ या जिवाणूचे एक विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. फोडणीचा भात अशा वेळी महागात पडू शकतो.

सर्वांत फसवा धोका धुराचा. जनरेटर किंवा कोळशाची शेगडी बंद जागेत चालवली, तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. घरातल्या दोघा-तिघांचे एकदम डोके दुखू लागले, मळमळले, चक्कर आली, तर लगेच मोकळ्या हवेत यावे आणि १०८ला फोन करावा. छोटा जनरेटर गॅलरीत, दुकानाच्या शटरआड किंवा तळघरात कधीही चालवू नये. त्याची वायर घरातल्या प्लगमध्ये खोचणेही जिवावर बेतते, कारण ती वीज उलटी जाऊन खांबावर काम करणाऱ्या वायरमनला झटका देते.

रस्त्यावर तुटलेली तार दिसली, तर ती जिवंतच आहे असे समजून निदान दहा मीटर दूर राहावे आणि महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवावे. ओल्या जमिनीत तारेपासून जसजसे दूर जावे, तसतसा विजेचा दाब बदलतो. लांब टांग टाकली, तर दोन पायांमधील या फरकामुळे प्रवाह शरीरातून वाहतो. चुकून जवळ गेलाच, तर पाय जमिनीवरून न उचलता, जोडून, सरकत बाहेर यावे.

समोरच्या सोसायटीत दिवे लागले आणि आपल्याकडे नाही, याचा राग येतो. पण दुरुस्ती क्रमाने होते. आधी उच्चदाब वाहिन्या आणि उपकेंद्र, मग फीडर, मग रोहित्र आणि शेवटी घरापर्यंतची तार. शेजारची इमारत वेगळ्या फीडरवर असू शकते. वीज परतल्यावरही, पाणी शिरलेल्या घरातील मेन स्विच इलेक्ट्रिशियनने पाहिल्याशिवाय चालू करू नये.

एक काम मात्र वादळाची वाट न पाहता, आजच करण्यासारखे आहे. ऑक्सिजनवर कोण आहे, इन्सुलिन कोण घेते, एकट्या राहणाऱ्या आजी कितव्या मजल्यावर आहेत, जिना उतरता न येणारे कोण, याची एक पानभर यादी सोसायटीच्या कार्यालयात आणि सुरक्षारक्षकाकडे असावी. चाळीत, वस्तीत ती कुणा एकाच्या वहीत चालेल. लिफ्ट बंद पडल्यावर पाण्याची पहिली कळशी कोणत्या दाराशी न्यायची, हे त्या कागदावरून कळेल.