ओवीसंग्रहातील विषयविभागणी : एक पद्धतिविचार

लोकसाहित्याच्या विद्यार्थ्याने गावोगाव हिंडून चारपाचशे ओव्या जमवल्या, की त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो मांडणीचा. वह्या भरलेल्या असतात, ध्वनिमुद्रणे झालेली असतात आणि प्रबंधाला प्रकरणे हवी असतात. मग देवाधर्माच्या ओव्या, माहेरच्या ओव्या, सासरच्या ओव्या, भाऊ-बहीण, लेक, आणि राहिलेल्या सगळ्यांसाठी ‘संकीर्ण’, असे कप्पे पाडले जातात. हे काम बहुधा एका सुट्टीत उरकले जाते. विवेचन, आस्वाद, समाजशास्त्रीय अन्वयार्थ हे सारे त्यानंतरचे, असा आपला समज असतो. प्रस्तुत लेखातील प्रतिपादन असे, की ओवी कोणत्या विभागात घालायची हे ठरविताना तिच्या अर्थाचा निर्णय बव्हंशी होऊन गेलेला असतो. आणि तो न कळत झालेला असल्यामुळे पुढील विवेचनात त्याची तपासणी होत नाही.

सुट्या कवितांचा संग्रह विषयवार लावण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. हालाच्या गाथासप्तशतीत सातशे गाथा शतकांत विभागलेल्या आहेत. ही विभागणी संख्येची आहे, विषयाची नाही. मात्र तिच्या पाठपरंपरांपैकी एकीत त्याच गाथा विषयवार ‘व्रज्यां’त लावलेल्या आढळतात. जयवल्लभाच्या प्राकृत संग्रहाचे तर नावच ‘वज्जालग्ग’. वज्जा म्हणजे एका विषयावरील पद्यांचा गट. संस्कृतात या पद्धतीचे ठळक उदाहरण म्हणजे विद्याकर या बौद्ध पंडिताने इसवी सनाच्या 1100च्या आगेमागे सिद्ध केलेला ‘सुभाषितरत्नकोश’. दा. ध. कोसंबी आणि वा. वि. गोखले यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती 1957 साली हार्वर्डच्या प्राच्यविद्यामालेत प्रसिद्ध झाली. तीत सतराशेहून अधिक श्लोक पन्नास व्रज्यांत विभागलेले आहेत. पहिली व्रज्या बुद्धाची. त्यानंतर बोधिसत्त्व, मग शिव, विष्णू, सूर्य. पुढे ऋतू, शृंगाराच्या अवस्था, सज्जन, दुर्जन. आणि अखेरीस कवींची प्रशंसा. शिव-विष्णूंवरील श्लोकांची संख्या मोठी असूनही आरंभ बुद्धाने व्हावा, यात संग्राहकाची भूमिका स्पष्ट दिसते. क्रम हे त्याचे विधान आहे. याच संग्रहात ‘दीन’ या नावाची एक स्वतंत्र व्रज्या आहे, दारिद्र्यावरची. गळके छप्पर, उपाशी मुले, ही सामग्री तेथे कोठल्याही नात्याच्या किंवा रसाच्या आडोशाला ठेवलेली नाही. ओवीसंग्रह चाळताना ही व्रज्या मला वारंवार आठवते, कारण आपल्या अनेक संग्रहांत तिच्या जोडीचा विभाग सापडत नाही.

तथापि सुभाषित आणि ओवी यांत एक मूलभूत अंतर आहे. सुभाषित हे मुक्तक. त्याचा अर्थ त्याच्यापुरता पूर्ण असतो, म्हणून ते या व्रज्येतून त्या व्रज्येत नेले तरी फारसे बिघडत नाही. दोन चरणांची जात्यावरची ओवी बाहेरून मुक्तकासारखी दिसते. पण गायनात ती एकटी येत नाही. जात्यावर बसल्यावर प्रथम देवाचे, जात्याचे नाव घ्यायचे, मग आईबाप, भाऊ, लेकरे अशी गाण्याची वाट ढोबळपणे ठरलेली असते. परंतु त्या वाटेवरचे प्रत्येक पाऊल विषयाने ठरत नाही. मागच्या ओवीतल्या एखाद्या शब्दाने, यमकाने, किंवा खुंट्याला हात लावलेल्या दुसऱ्या बाईने धरलेल्या सुराने ते ठरते. पहिला चरण तोच ठेवून दुसरा बदलत नेणे हे तर ओवीरचनेचे सर्वपरिचित तंत्र. अशा रीतीने एका चरणाभोवती पाचसात ओव्यांचा गुच्छ तयार होतो. त्या गुच्छात एक ओवी भावाची असते, दुसरी विठ्ठलाची, तिसरी पावसाची. विषयवार विभागणी करणारा हा गुच्छ मोडतो आणि त्याच्या काड्या तीन प्रकरणांत वाटून टाकतो. वाचकाला मग तोच चरण तीन ठिकाणी भेटतो आणि तो त्याला ‘पुनरुक्ती’ म्हणतो.

विभाग ओवीचा अर्थ कसा फिरवतो हे पाहण्यासाठी एक ओवी कल्पावी. भाऊ अचानक दारी आला आहे. घरात साखर नाही. बहीण मागल्या दाराने शेजारणीकडे वाटी घेऊन जाते आणि सासूला कळू नये म्हणून पदराआड ती वाटी धरते. ही ओवी कोठे घालावी? ‘भाऊ-बहीण’ या विभागात ती गेली, तर वाचकाच्या डोळ्यांत भरते ते बहिणीचे प्रेम. साखरेचा अभाव त्या प्रेमाची पार्श्वभूमी होतो. ‘सासर’ या विभागात गेली, तर ती सासुरवासाची साक्ष ठरते. भाऊ हा निमित्तमात्र. ‘शेजार’ असा विभाग असेल तर त्याच ओवीत बायकांमधील उसनवारीचे, एकमेकींची लाज राखण्याचे जग दिसू लागते. आणि एखाद्याने ‘दारिद्र्य’ असा विभाग केलाच, तर रिकामा डबा हेच त्या ओवीचे केंद्र होते. ओवीतील एक अक्षरही बदललेले नसते. चारही वाचने खरी आहेत. पण छापील संग्रहात ती एकाच ठिकाणी येते, आणि त्या ठिकाणावरचे शीर्षक वाचकाने ओवी वाचण्याआधीच वाचलेले असते.

मराठीतील प्रचलित विभागणीवर सर्वांत खोल ठसा आहे तो साने गुरुजींच्या ‘स्त्री जीवन’चा. 1940च्या सुमारास दोन भागांत प्रसिद्ध झालेल्या या संग्रहात आई-मूल, भाऊ-बहीण, सासर-माहेर अशा नात्यांच्या आणि विषयांच्या प्रकरणांत ओव्या लावलेल्या आहेत, आणि ओव्यांच्या आधी गुरुजींचे गद्य विवेचन येते. ते गद्य इतके आर्जवी आहे की त्यानंतर येणाऱ्या ओव्या त्याच्याच आधाराने वाचल्या जातात. या संग्रहामुळे हजारो ओव्या वाचल्या आणि शिक्षित वर्गाला त्यांची गोडी लागली, हे ऋण मोठे आहे. पण नात्यांची ही चौकट पुढे इतकी स्वाभाविक वाटू लागली, की ती एका संग्राहकाने एका विशिष्ट भूमिकेतून केलेली निवड आहे याचा विसर पडला. ओवी म्हणजे माहेरची ओढ आणि मायेची भाषा, हे पाठ्यपुस्तकी समीकरण या चौकटीतूनच दृढ झाले, असे मला वाटते. श्रम, भाव, कर्ज, जमीन, आजार, मजुरी हे शब्द ओव्यांत होतेच. त्यांच्यासाठी प्रकरण नव्हते.

या पार्श्वभूमीवर गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी 1980च्या दशकापासून केलेल्या संकलनाकडे पाहावे. पुण्याचे त्यांचे संशोधन केंद्र आणि मुळशीच्या डोंगरी भागातील संघटनेत काम करणाऱ्या स्त्रिया यांच्या सहभागातून हे काम उभे राहिले, आणि एक हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी जमविल्या. ध्वनिमुद्रणाच्या कामात पुढे बेर्नार बेल सहभागी झाले. 2017पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेने हा संग्रह टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध केला आहे. एवढ्या संख्येला ‘देव, माहेर, सासर, संकीर्ण’ पुरणे शक्यच नव्हते. त्यांनी अक्षर, रोमन अंक, साधे अंक आणि पुन्हा अक्षर अशी उतरंडीची क्रमांकपद्धती केली. मोठ्या विभागात प्रकरण, प्रकरणात सूत्र, सूत्रात उपसूत्र. नात्यांचे विभाग येथेही आहेत: मुलगा, मुलगी, माहेरची माणसे, सासरची माणसे. पण आरंभ त्यांनी झालेला नाही.

आरंभ सीतेपासून होतो. ही गोष्ट वरवर पाहता किरकोळ वाटेल. रामाच्या ओव्या देवादिकांच्या दुसऱ्या विभागात आहेत, पंढरपूरही तेथेच आहे. सीतेचा वनवास, तिचे एकटेपण, लव-अंकुशांनी रामाशी केलेले युद्ध यांच्या ओव्या मात्र पहिल्या विभागात, आणि त्यांच्या लगत बाईच्या जातीच्या दुःखभोगाच्या ओव्या. म्हणजे एकाच रामायणाचे दोन भाग दोन ठिकाणी गेले. पारंपरिक दृष्टीने पाहणाऱ्याला ही मोडतोड वाटेल. परंतु जात्यावर बसलेली बाई सीतेकडे देवता म्हणून हात जोडते, की आपल्यासारखीच घराबाहेर काढलेली बाई म्हणून तिची बाजू घेते, असा प्रश्न विचारला, की ही विभागणी गाणाऱ्यांच्या दृष्टीला अधिक जवळची आहे हे लक्षात येते. ‘देवाधर्माच्या ओव्या’ या शीर्षकाखाली त्याच ओव्या भक्तिपर ठरल्या असत्या आणि त्यांतील रामावरचा राग विवेचनात अवघडल्यासारखा झाला असता.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्यांचे. या ओव्यांत बाबासाहेब कधी भावाच्या नात्याने येतात, कधी बापाच्या. घरी येणाऱ्या पाहुण्याच्या स्वागताची जुनी ठेवण त्यांच्यासाठी वापरली जाते. नातेसंबंधांची चौकट काटेकोरपणे लावणारा संग्राहक अशी ओवी ‘भाऊ’ या प्रकरणात घालील, आणि तांत्रिकदृष्ट्या तो चूक नसेल. पण त्या ओवीतले आंदोलन त्या प्रकरणात हरवून जाईल. ती देवांच्या विभागात घालणे तर त्या ओवीशीच द्रोह होईल. उपरोक्त संग्रहात बाबासाहेबांच्या ओव्यांना स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. ते दिल्यामुळेच आज एखाद्या अभ्यासकाला त्या एकत्र वाचता येतात, आणि नात्याची जुनी भाषा नव्या जाणिवेसाठी कशी वाकवली गेली हे तपासता येते. शिवाय या संग्रहात एका ओवीखाली तिच्या दुसऱ्या संभाव्य स्थानांचे क्रमांक देण्याचीही सोय आहे. भावाच्या सूत्राकडून येणारा वाचकही त्यामुळे तेथे पोहोचू शकतो.

येथे ‘संकीर्ण’विषयी थोडे. विद्याकराच्या पन्नास व्रज्यांतही शेवटून दुसरी व्रज्या संकीर्णाची आहे. तेव्हा या विभागाची लाज बाळगण्याचे कारण नाही. मात्र प्रबंध तपासताना मी आधी हाच विभाग उघडतो. बाजारातल्या भावाची तक्रार, गिरणी गावात आल्याचे कौतुक, रेल्वे, तलाठी, मुंबईला गेलेल्या नवऱ्याचे पत्र, असे सारे येथे दाटीवाटीने बसलेले असते. ज्या संग्रहात पाचशेपैकी शंभर ओव्या संकीर्णात आहेत, तेथे ओव्या विस्कळीत नसतात. विभाग अपुरे असतात. संकीर्णातल्या ओव्या पुन्हा एकदा पसरून, त्यांत परस्परांशी बोलणाऱ्या आठदहा ओव्या दिसल्या तर त्यांना नाव द्यावे, एवढे केले तरी पुष्कळ साधते.

या सर्व अडचणींवर अकारविल्हे मांडणी हा उपाय सुचविला जातो. ती निःपक्षपाती खरी, आणि समान आद्य चरणाच्या ओव्या तिच्यामुळे शेजारी येतात हा फायदाही खरा. पण ओवीच्या आरंभी गाणाऱ्या स्त्रिया ‘बाई’, ‘सांगते’ यांसारखी पदे लयीसाठी सैलपणे घालतात. तीच ओवी एका गावी ‘स’खाली जाते, दुसऱ्या गावी ‘ब’खाली. अकारविल्हे सूची संग्रहाच्या शेवटी असावी. संग्रहाचा कणा म्हणून ती उपयोगी नाही.

क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्यांना म्हणून माझे सांगणे थोडके आहे. ओवी ज्या क्रमाने गायली गेली तो क्रम आधी जपावा. प्रत्येक ओवीला गायिका, गाव, बैठक आणि त्या बैठकीतील अनुक्रम दर्शविणारा कायमचा क्रमांक द्यावा, आणि विभाग कितीही वेळा बदलले तरी तो बदलू नये. असे केले तर मोडलेला गुच्छ पुन्हा जुळवता येतो. विभागांची नावे ठरविण्यापूर्वी गाणाऱ्या बाईला विचारावे, की ही ओवी तू कशाची म्हणतेस. तिचे उत्तर आपल्या चौकटीत बसेलच असे नाही. पण ते ओवीखाली नोंदलेले असावे. एक ओवी दोन ठिकाणी जाते असे वाटले तर मुख्य स्थान एक ठरवून दुसऱ्या ठिकाणी तिचा क्रमांक द्यावा. आणि मुख्य स्थान कोणत्या तत्त्वाने ठरविले, कोणाला उद्देशून ती म्हटली आहे यावरून, की कोणाविषयी आहे यावरून, हे प्रास्ताविकात सांगावे. ही दोन तत्त्वे एकाच संग्रहात मिसळलेली असतात, आणि निम्मा गोंधळ त्यातूनच होतो: ‘आई’ या प्रकरणात आईला सांगितलेल्या ओव्या असतात, आईविषयीच्या असतात, आणि आईने म्हटलेल्याही असतात.

गाणाऱ्या बाईला विचारण्याची सूचना आणखी किती वर्षे करता येईल, हा प्रश्न आहे. गावोगाव विजेच्या गिरण्या आल्या तसे रोजचे दळण थांबले. लग्नातल्या हळदीच्या विधीपुरते जाते मांडले जाते. त्यावर ज्यांना ओव्या सुचतात त्या स्त्रिया आता बहुतेक वृद्ध आहेत. त्यांच्यामागे संग्रह उरेल, आणि संग्रहात शिरण्याची वाट म्हणजे त्याची अनुक्रमणिका. तीत जो शब्द नाही, त्या शब्दाची ओवी शोधायला कोणी येणार नाही.