मिरीएवढा सूर्य

५ डिसेंबर २०२२ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, कॅलिफोर्नियातील लिव्हरमोरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९२ लेसर शलाका सोन्याच्या एका इवल्या नळीत शिरल्या. नळीच्या भिंतींतून क्ष-किरण उसळले आणि आत टांगलेली मिरीएवढी गोळी चहूकडून दाबली गेली. तिच्या हिऱ्याच्या कवचात गोठवलेले ड्यूटेरियम आणि ट्रिटियम, हे हायड्रोजनचे दोन भाऊबंद, एकजीव झाले. लेसरांनी २.०५ मेगाज्यूल ऊर्जा दिली; संलयनातून ३.१५ मेगाज्यूल बाहेर पडली. जगभर जयघोष झाला, आणि तो अनाठायी नव्हता.

वीजबिलाच्या भाषेत मात्र ही ऊर्जा एक युनिटही भरत नाही. तीही वीज नव्हे. उलट त्या शलाका निर्माण करण्यासाठी सुमारे ३०० मेगाज्यूल, म्हणजे ऐंशीहून अधिक युनिट खर्ची पडले. हा दोष बव्हंशी लेसरांना चेतवणाऱ्या जुन्या धाटणीच्या दिव्यांचा. डायोडवर चालणारे लेसर पुष्कळ काटकसरी आहेत. तेव्हा ही खिंड ओलांडता येईल.

अवघड आहे ती गोळी. वीजकेंद्रासाठी सेकंदाला दहा गोळ्या लागतील असे धरले, तर दिवसाला ८,६४,००० होतात. आज एकेक गोळी घडवून पारखण्यातच फार काळ जातो, कारण कवचावरील अतिसूक्ष्म खळगाही दाब बिघडवतो. समजा, एका गोळीतून १०० मेगाज्यूल मिळाले आणि त्यांतील चाळीस टक्क्यांची वीज झाली, तर हाती येतात अकरा युनिट. त्यांतूनच लेसरांचेही देणे फेडायचे. अशा गोळीला काही रुपयांपलीकडे मोल परवडणार नाही. सोन्याऐवजी शिशाच्या नळीचा विचार झाला तो उगाच नव्हे.

शिवाय उणे अडीचशे अंशांहून थंड असलेली ही गोळी तापलेल्या पोकळीत न वितळता भिरकवायची आणि उडत असतानाच तिच्यावर नेम साधायचा!

इंधनाचेही तसेच. ट्रिटियम निसर्गात जवळजवळ नाहीच, आणि साठवले तरी सुमारे बारा वर्षांत निम्मे उरते. संलयनातून निघणारे न्यूट्रॉन लिथियमच्या अस्तरात अडवून ते केंद्रातच निपजवावे लागेल, जळेल त्याहून थोडे अधिकच. तेच न्यूट्रॉन भिंतीचे पोलाद ठिसूळ करतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये लिव्हरमोरच्या त्याच यंत्रावर एका गोळीतून ५.२ मेगाज्यूल मिळाले: जवळपास दीड युनिट.