डाळिंब छाटणी: काटा हाताला, काटा डोळ्याला



आंबे बहाराच्या छाटण्या सुरू झाल्यात. तेल्या पसरू नये म्हणून दर झाडाला कात्री हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवायची, मोठ्या कापाला बोर्डो पेस्ट लावायची, हे तुम्हाला सांगावं लागत नाही. आज झाडाचं नाही, तुमचंच बोलू.

काटा रुतला की आपण उपटून टाकतो, बोट चोखतो आणि पुन्हा कात्री धरतो. मी पण हेच करायचो. पण धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणखतात असतातच आणि ते हवा न लागणाऱ्या जागी वाढतात. म्हणून भळाभळा वाहणाऱ्या कापापेक्षा काट्याची बारीक पण खोल जखम जास्त फसवी.

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं चांगली धुवा. हळद, चुना, तंबाखू, डिझेल काही भरू नका. काटा आत मोडला असेल तर सुईनं कोरत बसू नका, दवाखान्यात काढून घ्या. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन घेऊन ५ वर्षं झाली असतील किंवा कधी घेतलं तेच आठवत नसेल, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. छाटणीला येणाऱ्या बायामाणसांनाही विचारा. जखम भरल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनीसुद्धा जबडा आखडू शकतो. तसं झालं तर घरी थांबू नका, थेट मोठं हॉस्पिटल गाठा. साखर असलेल्यांनी छोटी जखमही दाखवून घ्यावी.

आता डोळा. ओढलेली फांदी सुटून तोंडावर येते, काटा बुबुळाला घासतो आणि त्यातून बुरशी आत शिरते. सुरुवातीला नुसतं खुपतं, पाणी येतं, काही दिवसांनी बुबुळावर पांढरा डाग दिसतो. खरा घोटाळा होतो मेडिकलवरून स्वतःच आणलेल्या थेंबांनी. त्यात स्टिरॉइड असेल तर लाली कमी होते, आपल्याला बरं वाटतं आणि आत बुरशी वाढत राहते. नजर जाऊ शकते. चोळू नका, दूध-मध घालू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. काटा डोळ्यात घुसलेला असेल तर स्वतः ओढू नका, पाणीही मारू नका.

बाजूनं झाकणारा पारदर्शक गॉगल वापरा. घामानं धुकं धरतो म्हणून लोक काढून ठेवतात, म्हणून हवेची छिद्रं असलेलाच घ्या. हातमोजे जाड चामड्याचे, रबरी मोज्यातून काटा आरपार जातो. टोळी ठरवताना गॉगल कुणी आणायचे, तेही मजुरीबरोबरच बोलून घ्या.