जुन्या पिकअपचा क्लच

पुण्याच्या किंवा मुंबईच्या घरीं ताटांत डाळिंबाचे दाणे पडतात, तेव्हां तें फळ कोणत्या वाटेनें आलें हा विचार सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. इंदापूर तालुक्यांत, नीरा नदीच्या कांठच्या पट्ट्यांत निरवांगी नांवाचें गांव आहे. या पट्ट्यांतला ऊस ट्रॅक्टरच्या ट्रॉलींतून साखर कारखान्याकडे जातो. परंतु डाळिंब, द्राक्ष, भाजीपाला हा माल इंदापूरच्या बाजारांत, पुण्यास गुलटेकडीला किंवा थेट वाशीपर्यंत पोंचवावयाचा तर पिकअपवांचून चालत नाहीं. पुढें दोघांतिघांना बसावयास जागा, मागें उघडा हौदा आणि नाकाखालीं डिझेलचें इंजिन, अशी ही लहान मालमोटार. नवी घेण्याची ऐपत थोड्यांची. पुष्कळ बागाईतदार पांचसहा वर्षें दुसऱ्यानें वापरलेली गाडी घेतात, तिचे हप्ते फेडतात आणि आपल्या मालाबरोबर शेजाऱ्याचाही माल भाड्यानें नेतात. अशा गाडीचा क्लच ज्या रात्रीं हात टेकतो, त्या रात्रीं भरलेलीं खोकीं अंगणांतच राहतात आणि सकाळचा लिलाव चुकतो. हप्ता मात्र चुकवून चालत नाहीं.

क्लच हा शब्द आतां खेडोपाडीं सर्वांच्या तोंडीं बसला आहे. पण त्याचें नेमकें काम विचारलें तर उत्तर देणारे थोडे. डिझेलचें इंजिन उभ्याउभ्या ओझें ओढूं शकत नाहीं. त्याला आधीं फिरावें लागतें. गाडी जागच्या जागीं धडधडत असतांनाही तें मिनिटास सातआठशें फेरे घेत असतें. चाकें मात्र त्या वेळीं स्थिर असतात. फिरणाऱ्या इंजिनाची आणि स्थिर चाकांची गांठ एकाएकीं घातली तर इंजिन तरी बंद पडेल किंवा गाडी धक्का देऊन उडी घेईल. ही गांठ हळूहळू घालावयाची, गिअर बदलतांना क्षणभर सोडावयाची आणि पुन्हां घालावयाची, एवढ्यासाठींच क्लच आहे.

घरांतल्या दोन थाळ्या घेऊन ही युक्ति पाहतां येईल. एक थाळी पालथी घालून तिच्यावर दुसरी पालथी ठेवावी आणि खालची फिरवावी. वरची सैल असेल तर ती मागें राहते. तळव्यानें दाबली तर खालचीबरोबर फिरूं लागते आणि हातालाही ओढते. मोटारींत खालच्या थाळीच्या जागीं इंजिनाच्या पाठीस बसविलेलें फ्लायव्हील नांवाचें जड चाक असतें. वरच्या थाळीच्या जागीं क्लचप्लेट. तिच्या दोन्ही अंगांना घर्षणाचें अस्तर लावलेलें असतें आणि तिच्या मधल्या दातेरी भोकांत गिअरबॉक्सचा दांडा बसतो. दाबणाऱ्या तळव्याचें काम प्रेशरप्लेट करते. तिच्यांतली पोलादी स्प्रिंग क्लचप्लेटला फ्लायव्हीलवर सतत दाबून धरते. म्हणजे पकड ही क्लचची नेहमींची स्थिति होय. ड्रायव्हर पायानें पेडल दाबतो तो पकड घालण्यासाठीं नव्हे, सोडण्यासाठीं.

आतां अडचण अशी, कीं प्रेशरप्लेट इंजिनाबरोबर गरगर फिरत असते आणि पेडलाकडून येणारा काटा तर फिरत नाहीं. न फिरणाऱ्यानें फिरणाऱ्याला दाबावें कसें? या दोहोंच्या मधें रिलीज बेअरिंग असतें. ओंजळींत मावेल एवढी ही कडी. तिचा एक भाग काट्याला धरून स्थिर राहतो, दुसरा स्प्रिंगच्या पात्यांना टेकून फिरतो आणि मधल्या पोलादी गोळ्या दोघांचें भांडण मिटवितात. पेडल दाबलेलें असतें तोंवर या कडीवर स्प्रिंगचा सारा भार पडतो. चौकांत थांबलें असतां पेडलावर पाय दाबून बसणारा किंवा सवयीनें प्रवासभर पाय त्यावरच टेकवून ठेवणारा ड्रायव्हर या बेअरिंगचें आयुष्य नकळत खर्ची घालीत असतो.

प्लेट झिजते ती मात्र अर्धवट पकडीनें. इंजिन मिनिटास २००० फेरे घेत आहे आणि क्लच घसरत असल्यामुळें गिअरबॉक्सचा दांडा १००० च घेत आहे असें समजा. त्या क्षणीं इंजिनाची अर्धी शक्ति पुढें जाते आणि उरलेली अर्धी त्या अस्तरावर उष्णता होऊन जळते. नाकाला झोंबणारा करपट वास येतो तो याचाच. गाडी उचलतांना हें क्षणभर घडणें अटळ आहे. पण तें मिनिटेंच्या मिनिटें चालूं देणें हा खरा नाश. इंदापूरच्या बाजूस याचे प्रसंग पुष्कळ. पावसानंतर काळ्या रानांतली वाट लोण्यासारखी होते. भरलेली गाडी चाकापर्यंत रुतते आणि ड्रायव्हर अर्ध्या क्लचवर इंजिन ओरडवीत राहतो. गळिताच्या हंगामांत उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेमागें पाऊलपाऊल सरकावें लागतें. वाशीची खेप असेल तर मुंबई जवळ करण्यापूर्वीं घाट आहेच. तो उतरतांना फारसें नडत नाहीं, परततांना मात्र वाहनांची दाटी झाली कीं चढावर थांबत-थांबत जावें लागतें. जुनी गाडी घेणाऱ्यास आधींच्या मालकाचे हे सारे प्रसंग गाडीबरोबरच विकत मिळतात, आणि कागदपत्रांत त्यांची नोंद नसते.

अस्तराची ही विद्या बैलगाडीइतकीच साध्या गरजेंतून निघाली आहे. इंग्लंडांत हर्बर्ट फ्रूड यानें १८९७ सालीं गाड्यांच्या ब्रेकसाठीं घर्षणाचे ठोकळे करण्याचा उद्योग मांडला. फेरोडो हें नांव पुढें जगभर पसरलें तें त्याच्याच उद्योगाचें. निरवांगीच्या परिसराशींही मोटारधंद्याचा एक धागा जुळतो. जवळचें वालचंदनगर ज्यांच्या नांवानें ओळखलें जातें, त्या वालचंद हिराचंद यांनींच १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही मोटारी बनविणारी कंपनी काढली होती.

असो. क्लच गेला हें ओळखावयाचें कसें? चढावर किंवा भार असतांना इंजिनाचा आवाज चढतो पण गाडीचा वेग चढत नाहीं, ही प्लेट घसरत असल्याची खूण. जुनी गाडी पाहावयास जाणाऱ्यानें एक परीक्षा अवश्य करावी. सपाट, मोकळ्या जागीं गाडी उभी करून हातब्रेक ओढावा, पायाचा ब्रेकही दाबून ठेवावा, पुढें कोणी नाहीं हें पाहावें, चौथा गिअर टाकावा आणि क्लचचें पेडल सावकाश सोडावें. प्लेट धड असेल तर इंजिन गुदमरून बंद पडतें. तें खुशाल चालूं राहिलें तर मालकाशीं भावाचें बोलणें नव्यानें सुरू करावें. ही परीक्षा एकदांच करावी. पुन्हां पुन्हां केली तर चांगली प्लेटही जळेल.

बेअरिंगची खूण कानाला कळते. पेडल दाबलें कीं घरघर किंवा किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि सोडलें कीं थांबतो, तर दोष रिलीज बेअरिंगचा. उलट पेडल सोडलेलें असतां आवाज आणि दाबतांच शांत, असें असेल तर संशय गिअरबॉक्सच्या आंतल्या बेअरिंगवर जातो आणि तें निराळें काम आहे. पेडल पूर्ण दाबूनही गिअर खरखरत पडत असेल तर क्लच नीट सुटत नाहीं असें समजावें. मात्र अशा वेळीं लगेच गिअरबॉक्सला हात घालूं नये. कांहीं गाड्यांत पेडलापासून काट्यापर्यंत तार असते, कांहींत तेलाचा दाब. तार ताणलेली असणें किंवा तेल गळून दाब कमी होणें हीं स्वस्तांतलीं कारणें आधीं तपासावीं.

दोष ठरला म्हणजे मालक आणि मेस्त्री यांच्यांत एक संवाद हटकून होतो. मालक म्हणतो, "मेस्त्री, फक्त प्लेट टाका. बेअरिंग अजून आवाज करीत नाहीं. तेवढेच पैसे वांचतील." मालकाची अडचण खरी असते, हंगामाआधींचे दिवस, हातीं रोकड नाहीं. पण हा हिशेब चुकीचा आहे. या कामांत खर्च आणि श्रम जातात ते मुख्यतः गिअरबॉक्स उतरवून पुन्हां चढविण्यांत. प्लेट आणि बेअरिंग दोन्ही त्याच्याच आड लपलेलीं असतात. प्लेटेबरोबर तितक्याच खेपा केलेलें बेअरिंग चार महिन्यांनीं गेलें, तर तीच मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते आणि गाडी पुन्हां उभी राहते ती बहुधा ऐन तोडणींत. म्हणून जाणता मेस्त्री प्लेट, प्रेशरप्लेट आणि बेअरिंग हीं तिन्ही एकदम बदलण्याचा आग्रह धरतो. त्याला गिऱ्हाईक लुबाडणारा समजणें अन्यायाचें होय.

कामाला आरंभ बॅटरीची ऋण तार सोडवून होतो. चाकांना ओट लावून गाडी उचलतात व भक्कम घोड्यांवर टेकवितात. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखालीं जाणें हें धाडस नसून मूर्खपणा आहे; जॅक निसटला तर खालच्या माणसाला सरकायला वेळ मिळत नाहीं. मागच्या धुऱ्याकडे जाणारा दांडा सोडवितांना जोडावर खुणा करतात, म्हणजे परत बसवितांना तो होता तसाच बसतो आणि गाडी थरथरत नाहीं. गिअरची दांडी, तारा, काट्याला ढकलणारा तेलाचा नळा, स्टार्टर हीं बाजूस केलीं कीं गिअरबॉक्सखालीं दुसरा जॅक देऊन भोंवतालचे बोल्ट काढतात. तो सरळ मागें ओढावयाचा असतो. त्याचें वजन दांड्यावर लोंबूं दिलें तर दांडा आणि प्लेट दोहोंना इजा होते. हें काम दोघांचें. एकट्यानें छातीवर तोलण्याचे प्रयोग करूं नयेत.

आंतली काळी भुकटी पाहून पहिला मोह होतो तो हवेच्या नळीनें ती उडविण्याचा. तो आवरावा. पूर्वींच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस सर्रास वापरीत, आणि जुन्या गाडींत कोणतें अस्तर घातलेलें आहे हें डोळ्यांनीं कळत नाहीं. त्याचे सूक्ष्म तंतू छातींत गेले तर त्यांचा विकार कित्येक वर्षांनीं प्रकट होतो. नाकावर चांगला मास्क लावून ओल्या फडक्यानें भुकटी टिपावी आणि फडकें पिशवींत बांधून टाकावें. गॅरेजांतलें पोर बहुधा हेंच काम करीत असतें, म्हणून मालकानें याकडे लक्ष द्यावें.

जुनी प्लेट हातीं आली कीं ती बरेंच कांहीं सांगते. अस्तर रिव्हेटांपर्यंत झिजलें असेल तर त्या रिव्हेटांनीं फ्लायव्हीलवर चर पाडलेले दिसतात. फ्लायव्हीलवर निळसर डाग असतील तर तें फार तापलें होतें. चर किंवा डाग उथळ असल्यास लेथवर तोंड साफ करून घेतां येतें. भेग दिसली तर फ्लायव्हील बदलणेंच प्राप्त. आणि अस्तर जाड असूनही तेलानें भिजलेलें असेल तर दोष प्लेटचा नव्हे, इंजिनाच्या पाठच्या किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचा आहे. तें सील न बदलतां नवी प्लेट घालणारा तीही भिजविण्याची व्यवस्था करीत असतो. दांड्याचें टोक ज्यांत फिरतें तें लहान बेअरिंगही याच वेळीं बोटानें फिरवून पाहावें.

नवी प्लेट बसवितांना तिच्यावरची खूण पाहून योग्य तोंड फ्लायव्हीलकडे करावें. उलटी बसली तर सारें काम पुन्हां. अस्तराला तेलकट बोट लावूं नये. दातेरी दांड्यावर ग्रीसचा नुसता हात फिरवावा. रिलीज बेअरिंग डिझेलमध्यें धुण्याची कित्येकांना खोड असते. त्यानें आंत भरलेलें ग्रीसच निघून जातें. प्लेट बरोबर मध्यावर राहण्यासाठीं तिच्या भोकांत खोटा दांडा घालून मग प्रेशरप्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीनें आवळतात. हें मधोमध साधलें नाहीं तर गिअरबॉक्स कितीही ढकलला तरी आंत जात नाहीं. अशा वेळीं बोल्टांच्या जोरानें तो ओढून घेणारे मेस्त्री आहेत; त्यांच्या हातून प्लेटचा मधला भाग फुटतो. खोटा दांडा पुन्हां घालून पाहण्यास दहा मिनिटें लागतात.

शेवटीं तेलाच्या नळींतली हवा काढावी, पेडलाची मोकळी चाल पुस्तकांत दिली असेल तेवढी ठेवावी आणि गाडी रिकामीच गांवाबाहेर फिरवून आणावी. नव्या अस्तराचें तोंड बसावयास कांहीं शें किलोमीटर लागतात. तोंवर पुरा भार घालून घाटांत नेण्यापेक्षां इंदापूरच्या बाजाराच्या हलक्या खेपा कराव्या आणि मग पेडलाची चाल एकदां पुन्हां मोजून पाहावी.