पेन टूलच्या आधी बोरू

संगणकावर अक्षर काढायला शिकवायचं तर ‘व’पासून सुरुवात करावी. एक गोलाई, एक काना, वर शिरोरेषा. पेन टूलची निम्मी विद्या त्यात येते.

माऊस हातात देण्यापूर्वी हा ‘व’ बोरूने कागदावर मोठा काढून घ्यावा. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं, त्यामुळे हात वळेल तशी रेघ आपोआप जाड-बारीक होते. ही जाडी कुठून येते ते हाताला कळलं नसेल, तर विद्यार्थी स्क्रीनवर नुसती कड गिरवत बसतो.

मग कागद स्कॅन करून खालच्या लेयरवर ठेवायचा आणि लेयर लॉक करायचा. आपोआप ट्रेस करणारं बटण मात्र दाबू देऊ नये. संगणक कागदाचा खडबडीतपणाही इमानाने उतरवतो, कडेला बिंदूंची रांग लागते आणि पुढे एक वळण सुधारायचं तर दहा बिंदू हलवावे लागतात.

पेन टूलची रेघ म्हणजे बेझिए वक्र. रेनो मोटार कंपनीतले अभियंते पिअर बेझिए यांनी १९६०च्या दशकात गाड्यांच्या आकारांसाठी ही पद्धत रूढ केली. वक्राच्या दोन टोकांना दोन बिंदू, प्रत्येकाला एक हँडल. हँडल ज्या दिशेला, तिकडे रेघ निघते. हँडल जितकं लांब, तितकी ती त्या दिशेला रेटली जाते. गोलाईच्या सर्वांत वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या टोकाला बिंदू द्यायचे आणि शिफ्ट दाबून हँडल आडवं किंवा उभं ओढायचं. किती लांब? वर्तुळाची त्रिज्या १०० असेल तर पाव वर्तुळासाठी हँडल सुमारे ५५. आखूड राहिलं की गोलाई चपटी पडते, लांब झालं की तिला खांदे फुटतात. हा आकडा फळ्यावर लिहून ठेवावा, परीक्षेत विचारायलाही बरा.

खरी गोची पोकळीत होते. नवशिका बाहेरच्या कडेचीच लहान प्रत आत ठेवतो आणि बोरूने दिलेलं जाड-बारीक नाहीसं होतं. पोकळी स्वतंत्र काढायची, खालच्या स्कॅनवर नजर ठेवून. शेवटी अक्षर काळं भरून, लहान आणि पानभर अशा दोन्ही आकारांत छापून भिंतीवर लावायचं.

इंकस्केप आणि फॉन्टफोर्ज मोफत मिळतात, तेव्हा महागड्या सॉफ्टवेअरची सबब चालणार नाही. आणि शिक्षकहो, गुण देताना छापील पानासोबत मूळ फाइलही मागा, त्यातले बिंदू मोजा.